गेम खेळताना पीसी फ्रीझ होतोय? विंडोज मारायच्या आधी हे करा, आणि याच क्रमाने

कोणी विचारलं की "गेम खेळताना पीसी मध्येच अडकतो, काय करू" की तीन उत्तरं ठरलेली. विंडोज नवीन मार, रॅम वाढव, ग्राफिक कार्ड गेलंय तुझं. कधी ना कधी ही उत्तरं बरोबर निघतातही, पण विचारणारा तिन्ही एकाच रविवारी करून बसतो, वर ड्रायव्हर पण बदलतो आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची सेटिंग) पण हात घालतो, मग चार दिवस पीसी गुण्यागोविंदाने चालतो आणि पाचव्या दिवशी परत तेच. आता कशाने थांबलं होतं ते माहीत नाही आणि कशाने परत आलं तेही नाही.

खालचं सगळं विंडोज १० किंवा ११ वाल्या डेस्कटॉपसाठी आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला असो नाहीतर तयार डबा असो. क्रम असा लावलाय की फुकटचं आणि परत पहिल्यासारखं करता येणारं आधी, स्क्रू खोलायचं त्यानंतर आणि पैसे लागणारं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल, मग चाचणी, मग पुढचा. हा नियम मोडला तर बाकीचं वाचून उपयोग नाही.

## तयारी: अर्धा तास जातो, जाऊ द्या

१. वही घ्या. दर वेळी अडकलं की तारीख, वेळ, कुठला गेम, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, आणि त्याआधी शेवटचं काय बदललं होतं एवढं लिहा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पीसीवर लिहू नका, तोच तर आजारी आहे.

२. चाचणीचा गेम एकच ठरवा. तोच गेम, तीच जागा, तेच ग्राफिक सेटिंग. आज एक गेम उद्या दुसरा असं केलं तर तुलना कशाशी करणार? किती वेळात अडकतो त्याचा अंदाज काढा, समजा साधारण ४० मिनिटांत अडकतो, तर दर बदलानंतर किमान दोन तास न अडकता चालला पाहिजे, तेव्हाच तो बदल लागू पडला असं धरायचं. १५ मिनिटं खेळून "झालं नीट" म्हणणारे मी खूप बघितलेत.

३. बॅकअप. अडकलेला पीसी बटण दाबून बंद करताना जी फाइल त्या क्षणी लिहिली जात असेल ती बिघडू शकते, आणि गेम बऱ्याचदा तुमची सेव्ह फाइलच लिहीत असतो. सेव्ह आणि घरच्यांचे फोटो दोन्ही दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून ठेवा.

४. पेन ड्राइव्ह, स्टार स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश हे जवळ ठेवा. पेन ड्राइव्ह पुढे पूर्ण पुसला जाणार आहे, त्यात लग्नाचा व्हिडिओ नाही ना बघून घ्या.

इशारा: विंडोज ११ वर बऱ्याच पीसींमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि बायोसमध्ये काही बदललं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, ती आधीच वहीत उतरवून ठेवा. तसंच अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय का बघा, कारण सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही आणि तिथे मग लोक अडकून बसतात.

## टप्पा १: अडकलं म्हणजे नक्की काय अडकलं

पुढच्या वेळी फ्रीझ झाला की लगेच बटण दाबू नका. एक मिनिट हात मागे घ्या आणि या क्रमाने बघा.

१. आवाज ऐका. गाणं, बोलणं नीट चालू आहे, की एकाच तुकड्यावर घर्रर्र करत अडकलंय, की पूर्ण बंद?

२. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होतोय का? होत असेल तर आतमध्ये विंडोज जिवंत आहे, फक्त गेम किंवा चित्र अडकलंय. दिवा ढिम्म हलत नसेल तर सगळाच पीसी गेलाय.

३. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक ड्रायव्हर परत सुरू होतो, एक छोटा बीप येतो आणि स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. याने चित्र परत आलं तर संशय ग्राफिक कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरवर.

४. मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. वीसेक सेकंद थांबा, लगेच येत नाही म्हणून दहा वेळा दाबू नका.

आता तुमचा फ्रीझ कुठल्या जातीचा ते ठरवा:

- पहिली जात: फक्त गेम अडकला, बाकी विंडोज ठीक. पुढे टप्पा ५ आणि ६ वर जास्त लक्ष द्या.
- दुसरी जात: सगळंच गोठलं, आवाज घरघरतोय, कॅप्स लॉक मेलाय. हे बहुतेक हार्डवेअर. टप्पा ३, ४, ८, ९.
- तिसरी जात: काही सेकंद ते मिनिटभर अडकतो आणि मग काहीच झालं नाही असं पुढे चालतो. टप्पा ७ आधी बघितला तरी चालेल.
- चौथी जात: स्क्रीन काळी, पंखे विमानासारखे ओरडतायत, आवाज कधीकधी चालूच. टप्पा ४, ५, ९.

पीसी अडकत नाही, सरळ रिस्टार्टच होतो असं असेल तर त्याला फ्रीझ म्हणू नका, तो वेगळा आजार आहे आणि त्यात पॉवरचा संशय बराच वर जातो. पण जात कुठलीही असो, टप्पा २ आणि ३ सगळ्यांनी करायचेच.

## टप्पा २: विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

हा टप्पा फुकट आहे, दहा मिनिटांचा आहे आणि तरी जवळपास सगळे वगळतात.

१. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" येईल. एक तक्ता दिसेल, लाल फुल्या असतील त्या दिवसांवर क्लिक करा. तिथे गेमचं नाव "स्टॉप्ड वर्किंग" म्हणून दिसलं तर पहिली जात. "हार्डवेअर एरर" आणि तपशिलात लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१ दिसलं तर ग्राफिक कार्डने उत्तर देणं थांबवलं होतं.

२. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. वहीतली वेळ काढा आणि त्या वेळेच्या आधीची पाच मिनिटं बघा, फक्त तेवढीच. पूर्ण यादी वाचायला बसलात तर घाबराल, चांगल्या पीसीमध्ये पण रोज डझनभर लाल-पिवळ्या खुणा असतात, त्यांचा तुमच्या फ्रीझशी काही संबंध नसतो.

कामाचे नंबर एवढेच:

- डिस्प्ले ४१०१: ग्राफिक ड्रायव्हर अडकला आणि सावरला. विंडोज कार्डला साधारण २ सेकंद देतं, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर ड्रायव्हर परत सुरू करतं.
- डब्ल्यूएचईए लॉगर: प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाच्या स्लॉटकडून आलेली हार्डवेअरची तक्रार. ही कधीही हलक्यात घेऊ नका.
- डिस्क ७, डिस्क १५३ किंवा १२९ नंबरचं "रीसेट टू डिव्हाइस": ड्राइव्ह किंवा तिची केबल.

नेहमीची चूक: कर्नल पॉवर ४१ बघून लोक एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला. अडकल्यावर तुम्हीच बटण दाबून बंद केला असेल तरी हीच नोंद येते. त्यावरून एक रुपयाही खर्च करू नका.

## टप्पा ३: सगळं ओव्हरक्लॉक काढा, "मी केलंच नाही" म्हणणाऱ्यांनी सुद्धा

कारण तुम्ही नाही केलं तरी असेंबल करणाऱ्याने एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारं प्रोफाइल चालू करून दिलेलं असतं, आणि ते रॅमचं ओव्हरक्लॉकच आहे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. डीडीआर४ च्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी प्रोफाइल बंद केल्यावर ती बऱ्याचदा २१३३ ते २६६६ च्या मध्ये चालते. वेग कमी होईल, फ्रेम थोड्या पडतील, चालेल, आपण आत्ता रेस लावत नाहीये.

१. बायोसमध्ये जा, आत्ताच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, मग एक्सएमपी किंवा एक्सपो बंद. सेव्ह करून बाहेर.

२. आफ्टरबर्नर किंवा कार्डाचा वेग बदलणारं तत्सम सॉफ्टवेअर असेल तर ग्राफिक कार्ड डिफॉल्टवर आणा. अंडरव्होल्ट (कार्डाला कमी व्होल्टेजवर चालवणं) पण काढा. अंडरव्होल्ट केलेलं कार्ड एका गेममध्ये महिनोन्महिने चालतं आणि दुसऱ्यात दहा मिनिटांत झोपतं.

३. चाचणी. वहीत नोंद.

न अडकता चालला तर रॅमचा वेग किंवा कार्डाचं सेटिंग यापैकी एक दोषी आहे. एक परत चालू करा, बघा, मग दुसरं. दोन्ही एकदम चालू केलीत तर परत पहिल्या पानावर.

याच टप्प्यात बायोसचं व्हर्जन पण बघून घ्या, दोन प्रकरणं अगदी माहितीतली आहेत. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू बिघडत होते, कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) काढले आणि खोक्यातून घेतलेल्या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षं वाढवली. असा प्रोसेसर असेल, गेम अडकतो किंवा पडतो आणि भरपूर मेमरी असून "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा एरर येतो, तर कार्डाला शिव्या द्यायच्या आधी बायोस अपडेट करा. पण एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधरत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

दुसरं एएमडीच्या रायझन प्रोसेसरवालं. विंडोज चालू असताना अधूनमधून दोन-चार सेकंद सगळंच अडखळायचं, आवाजासकट, कारण एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे मान्य करून त्याच वर्षी नव्या बायोसमधून दुरुस्त केलं. जुना रायझन पीसी विंडोज ११ वर आणलाय आणि बायोस २०२१ चाच आहे, असे अजून भेटतात.

इशारा: बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा झोपू शकतो. यूपीएस चार्ज असताना करा, आणि बाहेर वळवाचे ढग जमलेत तर उद्या करा.

## टप्पा ४: उष्णता, पण अंदाजाने नाही, आकड्याने

"हात लावून बघितला, गरम नाही" हे मोजमाप नाही. एचडब्ल्यूइन्फो ६४ हे तापमान वगैरे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर्स उघडा आणि खालचं लॉगिंगचं बटण दाबून मग गेम चालू करा. ते दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहितं, म्हणजे पीसी गोठला तरी शेवटच्या ओळीत त्या क्षणाचं तापमान सापडतं. गेम बंद करून मग आकडे बघणारे कायम थंड आकडेच बघतात, कारण अर्ध्या मिनिटात सगळं खाली येतं.

किती म्हणजे जास्त? इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला आवरतात, रायझन ७००० वाले ९५ पर्यंत जातात आणि ते तसेच बनवलेत. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास वेग कमी करायला लागतात. एएमडी कार्डांचा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, ११० पर्यंत चालतो. आता एक लक्षात घ्या, नुसतं गरम झालं की पीसी आधी मंद होतो, फ्रेम पडतात. एकदम गोठण्यामागे एकट्या तापमानाचा हात असतोच असं नाही. पण आकडा रोज त्याच ठिकाणी जाऊन त्याच क्षणी गोठत असेल तर मग योगायोग म्हणू नका.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. जी वेबसाइटवरची तापमानं तुम्ही बघता ती २०-२२ अंशांच्या खोलीतली असतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच ३८-४० असतं, म्हणजे तोच पीसी काही न बिघडता १६-२० अंश वर जाणार. फ्रीझ मार्चमध्ये सुरू झाला आणि पावसाळ्यात आपोआप गेला असं वहीत दिसत असेल तर उत्तर तिथेच आहे.

पटकन तपासा: कॅबिनेटची बाजूची झाकणी काढा, टेबल फॅन समोर लावा आणि चाचणी करा. याने फ्रीझ थांबला तर हवेचा प्रश्न. नाही थांबला तर झाकण लावा आणि पुढे चला.

साफ करताना पीसी बंद, वायर काढलेली, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने वेड्यासारखी फिरून बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्टॅटिक तयार होतं. एसएमपीएस उघडायचाच नाही. बंद असला तरी आत शॉक बसण्याइतकी वीज साठलेली असते.

## टप्पा ५: ग्राफिक ड्रायव्हर, नीट काढून नीट टाकणं

नुसता नवीन ड्रायव्हर जुन्याच्या उरावर टाकणं म्हणजे जुना रंग न खरवडता वरून रंग मारणं. चालतं बऱ्याचदा, पण आपण आजार शोधतोय. क्रम असा:

१. कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नवीन एक आणि चार-सहा महिने जुना एक, दोन्ही. सोबत डीडीयू पण, हे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर आहे.

२. इंटरनेट काढा. केबल असेल तर उपसा, वायफाय असेल तर बंद.

३. शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट करा, तिथून सेफ मोडमध्ये जा.

४. डीडीयू चालवा, "क्लीन अँड रिस्टार्ट".

५. साध्या मोडमध्ये आल्यावर उतरवलेला ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट करा, मग इंटरनेट जोडा.

नेहमीची चूक: पायरी २ विसरणे. इंटरनेट चालू राहिलं की तुम्ही तुमचा ड्रायव्हर टाकायच्या आत विंडोज अपडेट स्वतःचा एखादा ड्रायव्हर घुसवतं आणि मग दोघांची खिचडी होते.

जुना ड्रायव्हर का? कारण फ्रीझ एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आणखी नवीन टाकून उपयोग नाही, मागे जायचं. वहीत तारीख असेल तर हे दोन मिनिटांत कळतं.

## टप्पा ६: गेम आणि त्याच्या भोवतीचा गोतावळा

फाइल तपासणी: स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे व्हेरिफाय. एपिकमध्ये तीन टिंबं, मॅनेज, व्हेरिफाय. एखाददुसरी फाइल खराब निघाली तर ठीक. पण दर आठवड्याला नव्याने खराब निघत असतील तर गेमचा दोष नाही, तुमची डिस्क किंवा रॅम फाइली कुरतडतेय, टप्पा ७ आणि ८.

मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल) काढा. हो, ते सुद्धा, जे "कधीच प्रॉब्लेम देत नाही".

ओव्हरले, म्हणजे गेमच्या चित्रावर वरून दिसणाऱ्या खिडक्या, बंद करा: डिस्कॉर्डचा, स्टीमचा, एक्सबॉक्स गेम बार, कार्डाच्या कंपनीचा, फ्रेम दाखवणारा. चार जण एकाच चित्रावर एकदम लिहायला बसले की कोणीतरी धक्का मारतोच.

पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) तपासा. कुठल्यातरी व्हिडिओत "फ्रेम वाढतात" म्हणून सांगितलेलं असतं आणि लोक ती बंद करतात. १६ जीबी रॅम आहे, मागे ब्राउझरचे तीस टॅब आहेत, आणि आजकालचा मोठा गेम लोड झाला की रॅम आणि पेज फाइल मिळून असलेली मर्यादा संपते आणि गेम मरतो किंवा सगळंच गचकतं. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी, तिथे विंडोजलाच ठरवू द्या अशी खूण करा.

कार्डाची मेमरी पण बघा. ४ किंवा ६ जीबीचं कार्ड आणि टेक्स्चर अल्ट्रावर, मग गचके येणारच, टेक्स्चर दोन पायऱ्या खाली आणून चाचणी घ्या. आणि डायरेक्टएक्स १२ वाला गेम पहिल्यांदा चालवताना, किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर, पहिला अर्धा-एक तास बारीक बारीक अडखळत असेल तर तो शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार करतोय. त्याला फ्रीझमध्ये मोजू नका, नाहीतर टप्पा ५ केल्यावर तुम्हाला वाटेल आजार वाढला.

## टप्पा ७: डिस्क, आणि माझी झालेली फजिती

माझ्या पीसीत गेम अर्धा-पाऊण मिनिट थिजायचा. आवाज चालू, पात्र जागेवर, मग एकदम सगळं धडाधड पुढे. मी रॅम आठवरून सोळा केली. विंडोज मारलं, दोनदा. कार्ड मित्राकडे नेऊन तपासलं, तिथे झकास चालत होतं. तीन आठवड्यांनी कधीतरी इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर १२९ नंबरच्या नोंदींची रांग, अगदी पहिल्या दिवसापासूनची. गेम ज्या एसएसडीवर होता तिची साटा केबल झाकण लावताना दबून ढिली झालेली. नवी केबल लावली, संपलं. टप्पा २ मी इतका वर का ठेवलाय ते कळलं असेल.

१. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. हार्ड डिस्क असेल तर रिॲलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयित जागा) हे दोन आकडे बघा. पेंडिंग शून्यापेक्षा जास्त असेल तर आज बॅकअप घ्या, उद्या नाही.

२. सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बहुतेक ठीक आहे, केबल बदला. हा आकडा कधीच परत शून्य होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

३. एसएसडी गळ्यापर्यंत भरलेली नको. दहा-पंधरा टक्के रिकामी ठेवा.

तपासा: गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून खेळून बघा. स्टीममध्ये हे सेटिंगमधूनच होतं, परत डाउनलोड करावा लागत नाही.

## टप्पा ८: रॅम

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाका, त्यावरून पीसी चालू करा आणि रात्रभर चालू द्या. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पूर्ण होऊ द्या. एकही एरर आला तर रॅम नापास, "एकच तर आलाय" असं चालत नाही. आधी एक्सएमपी बंद ठेवून चालवा, पास झाली तर एक्सएमपी चालू करून परत. बंद असताना पास आणि चालू असताना नापास म्हणजे रॅमच्या काड्या चांगल्या आहेत, वेग झेपत नाही, वेग एक पायरी कमी करा आणि सुखाने खेळा.

एरर आले तर एकेक काडी वेगळी तपासा, त्याच स्लॉटमध्ये. दोनच काड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, शेजारी शेजारी नाही. कोकणात, गोव्यात किंवा समुद्राजवळ कुठेही राहत असाल तर दमटपणाने काडीचे सोनेरी टोक काळवंडतं, ते पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकं पुसा, कण ब्रशने झटका आणि टक् आवाज येईपर्यंत बसवा.

## टप्पा ९: वीज

हा शेवटाकडे ठेवलाय कारण घरी नीट मोजता येत नाही, पण फुकटच्या चाचण्या आहेत.

१. पीसी यूपीएसवर असेल तर तात्पुरता काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. त्यावर गेमिंग पीसी, मॉनिटर आणि वर स्पीकर म्हणजे सायकलवर तीन पोती. पीसी साधा चालू असताना काही होत नाही, गेम सुरू झाला की बोंब.

२. ग्राफिक कार्डाच्या वायरी बघा. स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनी वायरीतून ७५, आठ पिनीतून १५० असं गणित आहे. कार्डाला दोन आठ पिनी जागा असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीला फुटलेली दोन टोकं लावू नका. नव्या १६ पिनी वायरीचं टोक पूर्ण आत गेलंय का बघा, थोडं जरी बाहेर असलं तरी वितळू शकतं.

३. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधा, किंवा कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि चाचणी करा. याने फ्रीझ थांबला तर एसएमपीएस किंवा कार्ड या दोघांतच आहे. टप्पा ४ नीट केला असेल तर उष्णता इथे आधीच बाद झालेली असते.

इशारा: मित्राच्या एसएमपीएसने तपासायचं असेल तर त्याच्या वायरींसकट आणा. मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी वेगळ्या कंपनीला बसतात पण आतली जोडणी वेगळी असते, त्यात ड्राइव्ह जळतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. आधी वायरमन बोलवा, फ्रीझ नंतर बघू.

## टप्पा १०: पार्ट बदलून बघणं आणि दुकान

इथपर्यंत आलात तर संशयित एक-दोनच उरलेत. प्रोसेसरमध्ये ग्राफिक असेल (इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर नसतं) तर कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला लावा आणि एखादा हलका गेम दोन-तीन तास चालवा. अडकला तर कार्ड निर्दोष. नाही अडकला तर कार्ड दुसऱ्याच्या पीसीत नेऊन तोच गेम तेवढाच वेळ चालवा, दहा मिनिटं नाही.

दुकानात जाताना बिल, खोकी, वही आणि एचडब्ल्यूइन्फोची फाइल न्या. "कधीकधी अडकतो" असं सांगितलं तर ते विंडोज चालू करतील, पाच मिनिटं बघतील आणि "चांगला आहे" म्हणून परत देतील. त्यापेक्षा "हा गेम, हे सेटिंग, ४० मिनिटांत गोठतो, एक्सएमपी बंद आहे, ड्रायव्हर साफ करून टाकलाय, रॅम चार फेऱ्या पास आहे" असं लिहून द्या आणि पावतीवर पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या.

नीट होऊन आल्यावर घरी आधी ठरलेली चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. त्यानंतर एक्सएमपी चालू करा आणि दोन दिवस खेळा. मग ओव्हरले, मग मॉड, एकेक करून. अंडरव्होल्ट हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी, आणि केला त्या दिवसाची तारीख वहीत.